ढगात ठेवलेले दप्तर

मराठी वाङ्मयाच्या जतनाविषयी आपल्याकडे जितकी भाषणे होतात तितक्या त्याच्या प्रती निघत नाहीत, ही आमची जुनी तक्रार आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला आणि भाषणांची संख्या आणखी वाढली. आम्हां नाशिककरांना तर अशा प्रसंगांची वाण कधीच नव्हती. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस दर वर्षी येतोच. डिसेंबर २०२१ मध्ये ९४वे साहित्य संमेलनही इथेच भरले. या सगळ्या व्यासपीठांवरून हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येते. ते असे, की आता सगळे डिजिटल झाले आहे, सगळे क्लाउडवर आहे, काळजीचे कारण उरलेले नाही. या वाक्यातले 'सगळे' म्हणजे नेमके काय आणि 'क्लाउडवर' म्हणजे नेमके कुठे, असे विचारले की वक्ते चहाच्या टेबलाकडे वळतात.

या वाक्याशी आमचे उघड भांडण आहे. आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते हास्यास्पद वाटेल त्यांचा वेळ वाचेल. मराठीच्या प्रत्येक विभागाने, प्रत्येक जुन्या वाचनालयाने आणि ज्याच्या माळ्यावर नियतकालिकांचे गठ्ठे, कॅसेटी, पत्रे पडलेली आहेत अशा प्रत्येक अभ्यासकाने स्वतःच्या छपराखाली, स्वतःच्या हाताने जोडलेला एक साठवण-सर्व्हर ठेवावा. तो सांभाळण्याचे काम हे वाङ्मयीन काम आहे असेही त्याने मानावे. पाठचिकित्सा जितकी वाङ्मयीन आहे तितकेच हेही आहे.

'क्लाउड' या शब्दाचे मराठी 'मेघ' असे करण्याची हौस अनेकांना आहे. करावे, आमची हरकत नाही. परंतु साहित्याच्या माणसाने निदान एक गोष्ट आठवावी. मेघाच्या हाती निरोप देण्याचा आपल्या परंपरेतला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग कालिदासाच्या यक्षाने केला. रामगिरीपासून अलकेपर्यंतचा मार्ग त्याने मेघाला बारकाईने समजावून सांगितला. मात्र निरोप पोचला की नाही, याची पोच यक्षाच्या हाती आल्याचे कालिदासाने सांगितलेले नाही. कुसुमाग्रजांनी ज्या काव्याचा मराठी अनुवाद केला त्या काव्यातली ही गोष्ट नाशिकच्या व्यासपीठावरून तरी विसरली जाऊ नये.

आधुनिक मेघांचा इतिहास याहून वेगळा नाही. जिओसिटीजवर लोकांनी हौसेने बांधलेली पाने ऑक्टोबर २००९ मध्ये गेली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले आणि त्यावरच्या मराठी समूहांतल्या चर्चाही त्याबरोबर गेल्या. कवितेवरची कित्येक कडाक्याची भांडणे त्यांत होती, आणि त्यांतली काही खरोखर चांगली होती. याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० रोजी संपले. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून थांबली. शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद जागाही पुढच्या वर्षी, जुलै २०२२ पासून, मर्यादित झाली. यांपैकी एकाही ठिकाणी कोणी आपल्याला फसवले असे आम्ही म्हणत नाही. जागा त्यांची होती, भाडे आपण देत नव्हतो किंवा नाममात्र देत होतो, आणि मालकाने घर रिकामे करायला सांगितले. प्रश्न एवढाच, की आपले दप्तर भाड्याच्या घरात ठेवून आपण त्याला 'जतन' कसे म्हणत होतो?

येथे आमचाच एक अपराध सांगितला पाहिजे. तो न सांगता दुसऱ्यांना दोष देणे शोभणार नाही.

वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. १५ मे २००४ रोजी ते गेले तेव्हा त्यांची हजारो गाणी छापील पुस्तकांपेक्षा गायकांच्या वह्यांत आणि कॅसेटींत जास्त होती. त्यांची गाणी जलशांतून गाणारे एक वृद्ध गायक नाशिकरोड भागात राहत असत. त्यांच्याकडे ४३ कॅसेटी होत्या. कुठे जयंतीचा कार्यक्रम, कुठे लग्नाच्या मांडवातला सामना, कुठे नुसतीच ओसरीवरची तालीम. पार्श्वभूमीला ढोलकी, मुलांचे रडणे आणि मधूनच जाणाऱ्या मालगाडीचा आवाज. २०११ साली आम्ही काही मित्रांनी त्या साऱ्या कॅसेटी संगणकावर उतरवून घेतल्या. काम मन लावून केले. नव्वद मिनिटांच्या एका कॅसेटीची उत्तम प्रतीची ध्वनिफीत दीड जीबीच्या आसपास जाते, म्हणजे सगळा संग्रह एका साध्या हार्ड डिस्कच्या कोपऱ्यात मावला. कुटुंबाला आम्ही मोठ्या रुबाबात सांगितले, 'आता चिंता नको, सगळे डिजिटल झाले.' २०१३ मध्ये ते गृहस्थ वारले. घर रंगवायला काढले तेव्हा मुलाने कॅसेटींचे खोके भंगारात दिले. त्याचे काय चुकले? आम्हीच त्याला तसे सांगितले होते. २०१४ च्या उन्हाळ्यात आमची डिस्क टक्-टक् असा आवाज करू लागली आणि दोन दिवसांत बंद पडली. एका विद्यार्थिनीने प्रबंधासाठी २७ कॅसेटींची प्रत नेली होती म्हणून तेवढे वाचले. उरलेल्या १६ गेल्या.

डिजिटायझेशनने त्या सोळा कॅसेटी मारल्या, असे आम्ही विचारपूर्वक म्हणतो. कॅसेट माळ्यावर पडून राहिली असती तर आणखी वीस वर्षे कुरकुरत का होईना वाजली असती. आम्ही तिची प्रत काढली, त्या प्रतीमुळे मूळ वस्तू निरुपयोगी ठरली, आणि मग ती एकुलती प्रत आम्ही दुर्लक्षाने घालवली. 'स्कॅन झाले' या समाधानात रद्दीवाल्याला दिलेल्या अंकांचे गठ्ठे महाराष्ट्रात किती असतील याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या गावापुरती करावी.

तेव्हापासून आम्ही हा विषय शिकलो. शिकताना आश्चर्य वाटले ते याचे, की यातले बहुतेक सारे आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात आधीच घडून गेलेले आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'लीळाचरित्र' सिद्ध केले. महानुभाव परंपरा सांगते, की खलजीच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. म्हणूनच तिचे वेगवेगळे पाठ झाले, आणि वि. भि. कोलते यांना अनेक पोथ्या ताडून पाहून १९७८ ची आवृत्ती सिद्ध करावी लागली. तुकारामांची गाथा इंद्रायणीतून वर आली की नाही यावर वाद घालणारे घालोत. अभंग लोकांच्या तोंडी होते, म्हणजे प्रती अनेक ठिकाणी होत्या, एवढे त्या कथेतले निर्विवाद सत्य आमच्या कामापुरते पुरेसे आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९९९ मध्ये विद्युत नियतकालिकांच्या जतनाची एक योजना सुरू केली. तिचे नावच 'पुष्कळ प्रती असल्या की वस्तू सुरक्षित राहते' या अर्थाच्या शब्दांची आद्याक्षरे जुळवून केलेले आहे. देहूच्या वारकऱ्याला ते सांगावे लागले नसते.

एकनाथांचे उदाहरण तर अधिक जवळचे आहे, कारण ते आमच्याच गोदावरीच्या काठचे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणला त्यांनी 'ज्ञानेश्वरी'च्या उपलब्ध प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. दोन प्रतींत फरक पडला तर खरी कोणती हे कसे ठरवायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. घरच्या सर्व्हरमध्ये एकाच मजकुराच्या दोन प्रती दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहिण्याची जी सोय असते, जिला जोड-प्रत किंवा मिरर म्हणतात, तिच्यापुढेही हाच प्रश्न येतो. काळाच्या ओघात डिस्कवरचा एखादा अंश मूकपणे बदलतो. कोणतीही घंटा वाजत नाही. दोन प्रती परस्परविरोधी झाल्या की नुसत्या जोड-प्रतीला खरे-खोटे कळत नाही. झेडएफएस नावाची जी फाइल-व्यवस्था २००५ मध्ये खुली झाली, तिने यावर काढलेला उपाय पोथी लिहिणाऱ्यांना समजला असता. मजकुराच्या प्रत्येक तुकड्यापासून गणिताने काढलेली एक संख्या ती वेगळी नोंदवून ठेवते. पुढे वाचताना मजकुरातून पुन्हा ती संख्या काढली जाते. ती जुळली नाही तर ही प्रत भ्रष्ट झाली असे समजून दुसऱ्या डिस्कवरच्या शुद्ध प्रतीवरून ती दुरुस्त केली जाते. आपल्या पोथ्यांत अध्यायाच्या शेवटी ओवीसंख्या लिहीत, ती याच कुळातली. ओवीसंख्येने गळालेली ओवी कळे, बदललेला शब्द कळत नसे. यंत्राच्या संख्येने बदललेले अक्षरही कळते. फरक इतकाच. जो विद्यार्थी एम.ए.ला पाठचिकित्सा शिकतो त्याला ही गोष्ट 'तांत्रिक' म्हणून टाळण्याचा अधिकार नाही.

'आम्ही भाषेची माणसे, यंत्रातले आम्हांला काय कळणार' ही सबब आम्हांला सर्वांत जास्त संतापजनक वाटते. वि. का. राजवाडे भाषेचेच होते. दप्तरांच्या मागे ते गावोगाव हिंडले, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड त्यांनी १८९८ पासून काढले. वाळवी, ओल, दप्तराची गाठ आणि दप्तर दाखवायला तयार नसलेला इनामदार या गोष्टी त्यांनी आपल्या अभ्यासविषयाबाहेरच्या मानल्या नाहीत. पेशवे दप्तरातले हजारो रुमाल सोडून सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ भाग काढले. रुमाल सोडता येणे आणि तो पुन्हा तसाच बांधता येणे हा त्या विद्वत्तेचा भाग होता. आजचे दप्तर डिस्कवर आहे. तिची गाठ सोडायला माणूस ठेवता येईल, पण कुठे काय बांधले आहे हे ज्याला कळत नाही त्याच्या हातून दप्तर एक दिवस जाणारच.

आता थोडे प्रत्यक्ष कामाविषयी, कारण अशा लेखांत तेच नेहमी गाळले जाते. आमचा सर्व्हर म्हणजे एका मित्राचा आठ वर्षे वापरून टाकलेला टेबलावरचा संगणक. त्यात चार-चार टीबीच्या दोन नव्या डिस्का, एकीची जोड-प्रत दुसरीवर. म्हणजे पैसे आठाचे मोजले आणि जागा चाराचीच मिळाली. याला उधळपट्टी म्हणणाऱ्यांनी मागची सोळा कॅसेटींची गोष्ट पुन्हा वाचावी. डिस्का घेताना दुकानदाराला त्यांची लेखनपद्धत विचारावी. काही डिस्कांत पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवून लिहिलेले असतात. त्या स्वस्त पडतात, पण बिघडलेल्या डिस्कच्या जागी घालून प्रत पुन्हा उभारताना फार रखडतात. २०२० मध्ये काही कंपन्यांनी हे न सांगता अशा डिस्का विकल्याचे उघड झाले होते. चालक-प्रणाली फुकट मिळते. डेबियनवर उभी असलेली ओपनमीडियाव्हॉल्ट आहे, पूर्वी फ्रीनॅस नावाने सुरू झालेली आणि आता ट्रूनॅस म्हणून ओळखली जाणारी दुसरी आहे. एका सुट्टीच्या दिवशी दोन्हींपैकी कोणतीही बसवता येते. घरातल्या राउटरला तार जोडली की घरातल्या सर्व संगणकांना एक सामायिक कपाट दिसू लागते.

या कपाटापर्यंत पोचण्याची भाषा सांबा नावाच्या प्रणालीने खुली केली. ती ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास सुरू केली. दोन ठिकाणच्या प्रतींतला फक्त फरक हेरून तेवढाच पाठवणारी आरसिंक ही युक्तीही त्यांचीच आणि पॉल मॅकेरास यांची, १९९६ सालची. ट्रिजेल यांचा पीएच.डी.चा प्रबंध याच विषयावर आहे, आणि जगभर रोज रात्री लाखो यंत्रे तो प्रबंध अमलात आणतात. आपल्या विभागांतल्या प्रबंधांशी तुलना करण्याचा मोह आम्ही आवरतो. असो.

खर्चाची भीती घालणारे पुष्कळ भेटतात. हिशेब असा: जुना संगणक स्वस्थ बसला असता पन्नासेक वॅट खातो. चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला ३६ युनिट. तळहाताएवढे छोटे यंत्र वापरले तर सात-आठ युनिटांत भागते. आणि जागा? लहान आकाराच्या अंकाचे पान ४०० ठिपके प्रति इंच या दराने, करड्या छटांत, कसलाही संकोच न करता ठेवले तर आठ एमबीच्या आत बसते. ६४ पानांचा अंक अर्ध्या जीबीचा. म्हणजे एक हजार अंक अर्ध्या टीबीत. 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडले, त्यानंतर साठोत्तरी अनियतकालिकांचे अंक शोधत विद्यार्थी वर्षानुवर्षे ग्रंथालये पालथी घालत आले आहेत. ती सगळी चळवळ शबनम पिशवीच्या एका कप्प्यात मावेल एवढ्या डिस्कवर राहू शकते. दुर्भिक्ष जागेचे कधीच नव्हते.

इथवर वाचून जे यंत्रप्रेमी खूश झाले असतील त्यांच्याशीही आमचे भांडण आहे. घरचा सर्व्हर उभारणाऱ्यांचा एक नवा पंथ निर्माण झाला आहे. पेटी जोडली, निळे दिवे लागले, वेग मोजला, छायाचित्र काढले, की यांचे जतन पूर्ण होते. व्यासपीठावरच्या उद्घाटनवाद्यांपेक्षा हे लोक फार वेगळे नाहीत, नारळाऐवजी पेचकस इतकेच. दोन डिस्कांवर जोड-प्रत आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत असे यांतल्या अनेकांना वाटते. जोड-प्रत तुम्हांला एका डिस्कच्या मरणापासून वाचवते. तुमच्या स्वतःच्या हातापासून ती वाचवत नाही. एक फोल्डर चुकून पुसले की ते दोन्हीकडून त्याच क्षणी पुसले जाते. वीज कोसळली, चोरी झाली, घरात पाणी शिरले, तर दोन्ही डिस्का एकाच पेटीत शेजारी शेजारी जातात.

पाण्याविषयी नाशिककरांना सांगायला नको. सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१९ चे पूर ज्यांनी पाहिले ते दुतोंड्या मारुतीवरून पाण्याची उंची मोजतात. त्याच ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेच्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची हजारो पुस्तके भिजून गेली. आणि आपत्ती पाण्याचीच असते असेही नाही. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर चालून गेलेला जमाव कुठल्या नदीतून आला नव्हता. जुने लेखनिक पोथीच्या शेवटी विनवणी करून ठेवत, की तेल, पाणी, सैल बांधणी आणि मूर्खाचा हात यांपासून मला वाचवा. चारही शत्रू अजून जिवंत आहेत.

म्हणून जाणकार सांगतात की प्रती निदान तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी असावी. आमची तिसरी प्रत धुळ्याला असते. ते गाव निवडण्यात थोडा भाविकपणा आहे हे कबूल करतो. राजवाडे १९२६ च्या डिसेंबरात तिथे वारले आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथे उभे राहिले. आमचा एक स्नेही तिथे शिक्षक आहे. दर तीन महिन्यांनी आमच्यापैकी कोणीतरी एसटीने जातो, टॉवेलात गुंडाळलेली ताजी डिस्क देतो आणि जुनी परत आणतो. इंटरनेटवरून हे करता येते, हे आम्हांला माहीत आहे. पण आपल्याकडच्या अनेक घरगुती जोडण्यांना स्वतःचा स्वतंत्र पत्ता नसतो, शेकडो घरे एकाच पत्त्याआड असतात, आणि बाहेरून आत येण्याची वाट काढणे किचकट होते. शिवाय ती वाट काढूच नये असे आमचे मत आहे. २०२२ मध्ये अशाच तयार साठवण-पेट्यांवर खंडणीखोरांनी कुलपे घातली होती, आणि बळी पडलेल्या पेट्या थेट इंटरनेटला उघड्या होत्या. एसटीतल्या डिस्कला बाहेरून कोणी कुलूप घालू शकत नाही. ती विसरता मात्र येते. मालेगावला एकदा विसरलो होतो, वाहकाच्या सौजन्याने मिळाली.

मोठ्यांच्या भरवशावर राहा, असा सल्ला आम्हांला सभ्यपणे देणारे प्राध्यापक आहेत. त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नाही. घरातल्या पेटीपेक्षा मोठ्या संस्थेची यंत्रणा सामान्य दिवशी अधिक भक्कम असते. पण ब्रिटिश लायब्ररी ऑक्टोबर २०२३ मध्ये खंडणीखोरांच्या हल्ल्याने कोलमडली आणि तिच्या सेवा कित्येक महिने विस्कळीत राहिल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्ह अनेक दिवस बंद होते. आपल्याकडच्या डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे उदाहरण अधिक बोलके आहे. मराठीसह अनेक भाषांतली लाखो पुस्तके तिथे चढवली गेली होती. २०१७ च्या सुमारास ते संकेतस्थळ बंद पडले. आज ती पुस्तके विद्यार्थ्यांच्या हाती लागतात, याचे कारण कोणा उद्योगी माणसांनी त्यांच्या प्रती आधीच इंटरनेट आर्काइव्हवर नेऊन ठेवल्या होत्या. मोठ्या संस्थेला प्रत द्यावी, जरूर द्यावी, परंतु आपली तिथे ठेवून मोकळे होऊ नये.

स्वामित्वहक्काची भीती घालणाऱ्या ग्रंथपालांनी कायदा एकदा वाचावा. १९५७ च्या कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. व्यापारी हेतू नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची विद्युत प्रत ठेवण्याची मुभा कलम ५२ मध्ये स्पष्ट आहे. ती जगाला वाटण्याची मुभा त्यात नाही, आणि आम्ही ती मागतही नाही. आमच्या सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० ची. महाराष्ट्रातल्या अशा शतकोत्तर वाचनालयांनी एवढी मुभा वापरली तरी पुष्कळ झाले.

आणखी एक गोष्ट उरते, आणि आमच्या मते ती सर्वांत कठीण आहे. मजकूर शाबूत असूनही तो वाचता न येणे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत आणि इतर सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथ्या मठांत सुरक्षित होत्या, पण किल्ली पंथाबाहेर नव्हती, म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला त्यांचा नीट पत्ताच नव्हता. आपण हेच नकळत पुन्हा केले. १९९० च्या आणि २००० च्या दशकांतले मराठी दिवाळी अंक, प्रबंध, पुस्तके श्री-लिपी, आकृती, आयएसएम, शुषा अशा एकमेकींशी न बोलणाऱ्या टंकांत जुळवली गेली. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण छपाईच्या दुकानांत ती पोचायला फार वर्षे लागली. त्या काळातली एखादी फाइल आज उघडली तर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. टंक हरवला की लिपीची किल्ली हरवली. आमच्या सर्व्हरवर एका मासिकाच्या सहा वर्षांच्या अशा फाइली आहेत. त्यांतल्या चार वर्षांच्या आम्ही परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणल्या आणि ओळन् ओळ तपासल्या, कारण परिवर्तक रफार आणि जोडाक्षरांत हटकून चुकतो. दोन वर्षांच्या तशाच आहेत, त्यांचा टंक कोणाकडे मिळत नाही. ज्यांच्या कपाटात जुन्या टंकांच्या फ्लॉपी किंवा सीडी आहेत त्यांनी त्या टाकू नयेत, ही हात जोडून विनंती.

सकळ लिपीची दुसरी आवृत्ती म्हणजे परवलीचा शब्द. सर्व्हर ज्याने उभारला त्याच्याबरोबर परवलीचा शब्द गेला, की डिस्का शाबूत आणि दप्तर बंद. घरच्यांना ती पेटी म्हणजे वीज खाणारी अडगळ वाटते आणि ती भंगारात जाते, कॅसेटींच्या खोक्यासारखीच. म्हणून आमच्या पेटीचा शब्द कागदावर, शाईने लिहून दोन घरांच्या कपाटांत ठेवलेला आहे. त्यासोबत साध्या मराठीत चार पाने आहेत: पेटी कशी बंद करावी, कशी चालू करावी, कोणत्या खणात काय आहे, आणि आम्ही कोणी नसल्यास ती कोणाकडे द्यावी. तंत्रज्ञ मित्र या कागदाला हसतात.

देखभाल कंटाळवाणी आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्या मजकुराची तपासणी लावतो, तिला काही तास लागतात. डिस्का स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी ठेवतात त्या पाहतो. निकामी झालेल्या खंडांची संख्या वाढू लागली की डिस्क मरायची वाट न पाहता नवी आणतो. एप्रिल-मेमध्ये पेटीचे झाकण काढून धूळ झाडतो, कारण उकाड्याने डिस्का तापतात. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते, आणि ती नेमकी वीज गेली असतानाच कळते. आणि वर्षातून दोनदा धुळ्याहून आलेल्या डिस्कवरून काही फाइली खरोखर उघडून पाहतो, ऐकतो. उघडून न पाहिलेली प्रत ही प्रत नव्हेच. मागल्या दिवाळीत ऐकताना लक्षात आले, की एका ध्वनिफितीची दुसरी बाजू आम्ही २०११ मध्ये उतरवलीच नव्हती. नाव दिले होते, आत शांतता होती. कोणत्याही यंत्राने ते सांगितले नसते. यंत्राच्या दृष्टीने ती शांतता अगदी शुद्ध आणि जशीच्या तशी जतन झालेली होती.

ती कॅसेट हरवलेल्यांपैकी आहे. मात्र गेल्या महिन्यात मनमाडहून एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या वडिलांनी त्याच गायकाकडून काही कॅसेटी भरून घेतल्या होत्या, आणि वरच्या चिठ्ठीवरची तारीख आमच्या यादीशी जुळते. त्यांच्याकडे चार आहेत. एकीची फीत तुटली आहे, एकीवर बुरशी आहे. आमच्या कॅसेट-डेकचा पट्टा ढिला झाला होता, तो मुंबईहून मागवला आहे. तो आला की पुढच्या शनिवारी मनमाडला जाऊन त्यांच्या घरीच दोन्ही बाजू उतरवून घ्यायच्या, प्रत त्यांनाही द्यायची, आणि खोके टाकू नका असे या वेळी लेखी सांगायचे, असे ठरले आहे.